सात घरची चटणी

पावशेर तूरडाळीत आठ दिवस काढून दाखवा, मग माझ्याशी काटकसरीवर बोला.

मोबाईलवर एक बाई येते. महिन्याचा किराणा कमी पैशांत कसा बसवायचा ते हसत हसत सांगते. तिच्या ओट्यावर काचेच्या बरण्या असतात आणि बरण्यांत काजू. घरात काजू असलेल्या बाईला काटकसर काय कळणार? मी तिला बघते आणि मनातल्या मनात तिच्याशी भांडते.

तूरडाळीत निम्मी मसूर घालायची, हे सगळ्यांनाच येतं. उकळी आली की त्यात चमचाभर बेसन कालवून लावायचं, म्हणजे आमटी दाट दिसते, हे थोड्यांना येतं. रेशनचे तांदूळ दळून ज्वारीच्या पिठात मिसळले की ज्वारी वाचते, पण ते पीठ उकळत्या पाण्यात मळावं लागतं, नाहीतर भाकरी तव्यावर फाटते. फ्लॉवरच्या पानांचे देठ, कलिंगडाचा पांढरा गर, कोथिंबिरीच्या काड्या, मुळ्याचा पाला, यातलं काही मी कधी टाकलं नाही. कपिलतीर्थ मंडईत सकाळी जाणाऱ्या बायका वेगळ्या आणि दिवे लागल्यावर जाणाऱ्या वेगळ्या. मी दिवे लागल्यावर जाणारी. तेव्हा टोपलीच्या तळाशी जे उरतं ते मिळेल त्या भावात देऊन विकणाऱ्यांना घर गाठायचं असतं.

हे सगळं मला पहिल्यापासून येत होतं. माझ्या आईनं शिकवलं, सासूनं त्यावर हात फिरवला. पण तेव्हा ती हौस होती. उरलेल्यातून काहीतरी करून चारचौघींत मिरवायची हौस. गेल्या दिवाळीनंतर तिची गरज झाली, आणि गरज झाली की त्यातली सगळी मजा जाते.

माझा नवरा कृष्णात कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत होता. दिवाळीनंतर तिथली दुसरी पाळी बंद झाली आणि बारा वर्षांचा माणूस एका दिवसात घरी आला. तेव्हापासून तो कुणाच्या तरी टेम्पोवर बदली ड्रायव्हर म्हणून जातो. आठवड्यातून दोन दिवस, कधी तीन. बाकीचे दिवस भिंतीला टेकून बसतो. वर्षाराणी, आमची मुलगी, नववीत आहे. आणि माझ्या सासूबाई चिमणाबाई. त्यांना मी आत्ती म्हणते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ अशी की आमटीत हिंग कधी पडला, फोडणीत की नंतर, ते सांगतील.

मार्च लागला आणि चटणीचे दिवस आले.

कोल्हापुरात राहून घरात वर्षाची चटणी, म्हणजे आमचा कांदा-लसूण मसाला, नसणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. भाजी नसली तर चालतं, तेल दोन थेंब असलं तरी चालतं. चटणी असली की एक चमचा पाण्यात पडतो आणि त्याचं कोरड्यास, म्हणजे कालवण होतं, भाकरी खाली उतरते. माझी सगळी काटकसर त्या एका बरणीवर उभी होती. आणि जुनी बरणी तळाला लागली होती. ब्याडगी, संकेश्वरी, खोबरं, तीळ, धणे, खसखस, कांदा, लसूण, तेल, आणि वर डंकवाल्याची, म्हणजे कांडप गिरणीवाल्याची, कुटायची मजुरी. लक्ष्मीपुरीत मी दोनदा भाव विचारून परत आले. दुसऱ्यांदा दुकानदारानं वर बघितलंसुद्धा नाही.

गल्लीत मात्र मिरच्यांचा नुसता लाल धुरळा. दरवर्षीसारख्या आम्ही बायका कट्ट्यावर बसून एकमेकींच्या मिरच्यांचे देठ काढत होतो. चटणीला माझा हात चांगला, हे गल्लीनं केव्हाच ठरवलेलं. मसाला कुठवर भाजायचा, कांदा कधी उतरवायचा, ते सगळ्या मलाच विचारतात. यंदा तर सात जणींनी मलाच गळ घातली की सगळं तूच कर, डंकावर पण तूच बस, आम्हाला आता तो ठसका सोसत नाही.

बनाबाई आमच्या समोरच्या. त्यांचा आवाज तालमीच्या पलीकडं ऐकू जातो. त्या म्हणाल्या, "फुकट राबवताय व्हय तिला? किलोमागं काय ती मजुरी द्या की गं सगळ्याजणी! माझ्यापासनं धरा."

सगळ्या हो म्हणाल्या. कुणीच का कू केली नाही. आणि मी, माझी वर्षाची चटणी समोर चालून आलेली असताना, काय म्हणाले?

"छ्या! शेजाऱ्याकडनं मजुरी घिऊन कुठं फेडू मी? न्हाय म्हंजे न्हाय. पुन्हा विषय काढायचा न्हाय बनाबाई."

कृष्णातचं काम सुटलंय हे गल्लीला माहीत होतं. म्हणूनच मला मजुरी नको होती. त्या पैशाकडं बघून सगळ्या मनात काय म्हणतील, तेच मला दिसत होतं. मान ताठ ठेवून मी घरात आले आणि मोरीत तोंड धुताना स्वतःला शिवी घातली.

पहिलं घर विठाबाईंचं. डंकाच्या शेडमध्ये ठसका सगळ्यांनाच लागतो, नाकाला पदर लावून प्रत्येक जण डोळे पुसत असतो, त्यामुळं तिथं कुणी कुणाकडं बघत नाही. माझ्या पिशवीत एक रिकामा डबा होता. तो मी घरूनच नेला होता, म्हणजे आधीपासूनच मनात होतं. आता खोटं कशाला बोलू? विठाबाईंचा मोठा डबा भरता भरता पाव किलो चटणी माझ्या डब्यात गेली. वजन भरायला तेवढंच मीठ मी त्यांच्या डब्यात कालवलं. मिठाइतकं स्वस्त दुसरं काय असतं?

डंकवाला गुंडू एवढंच म्हणाला, "वैनी, मीठ लई झालं की!"

"पावसाळ्यात बुरशी धरती. टिकाय पायजे."

त्यानं मान हलवली. माझ्या शब्दावर चटणीच्या बाबतीत कुणी बोलत नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं म्हणायला हवं, पण मी गाढ झोपले. कितीतरी दिवसांनी. पाव किलो म्हणजे पंधरा दिवस, एवढंच डोक्यात होतं. विठाबाईंच्या नऊ किलोतनं पाव किलो गेल्यानं त्यांचं काय अडणार, असंही मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या घराच्या वेळी हात अडखळला नाही. पाचव्याच्या वेळी मी मापसुद्धा बघितलं नाही, हाताला सवय झाली होती. सहावं घर बनाबाईंचं आणि सातवं, मे लागता लागता, नजीराभाभीचं.

बरणी मी नेहमीच्या पद्धतीनं भरली. चटणी हातानं दाबून दाबून बसवायची, मध्ये हवा राहू द्यायची नाही, वर हिंगाचा खडा ठेवायचा आणि एकदा बसवली की ढवळायची नाही. ढवळली की हवा शिरते आणि खराब होते. लागेल तेवढी वरूनच अलगद काढायची. घरोघरी असंच करतात, मीही तसंच केलं. सात वेळा आणली, सात वेळा दाबून बसवली. घरात सांगितलं, थोडी थोडी करून आपलीही कुटून आणली. जुन्या बरणीचा तळ पुरेल तोवर नवी उघडायची नाही, असं ठरवलं. वाटलं, सात घरचं एका बरणीत गेलं की ते कुणाचंच राहत नाही, आपलं होतं.

कृष्णात जेवताना म्हणाला, "कसं भागवतीस गं तू? माझ्या मायला, दुसरी कोण असती तर..." बारा वर्षं भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस भाकरीकडं बघत होता. मी त्याला जुन्या बरणीतली अजून एक चमचा चटणी वाढली. मला त्या वेळी तो आवडला आणि त्याचा रागही आला. तू कमवून आणलं असतंस तर मी अशी कशाला झाले असते, असं तोंडावर आलं होतं.

मे महिन्याच्या मधल्या आठवड्यात, भर दुपारी नजीराभाभी आली. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. तिचा नवरा आरिफ शिलाईकाम करतो. भाभी दारातूनच बोलत आली.

"संयोगिता, पेढे आण! वडगावात माझ्या नणंदंची खाणावळ हाय न्हवं? तिला पावसाच्या आत चाळीस किलो चटणी पायजे. मी सांगितलं, आमच्या संयोगिताकडनं कर. हात चांगला, आन हाताला खोट न्हाय. मिरच्या तिच्या, मसाला तिचा. मजुरी रोख. आन ह्या येळंला न्हाय म्हणायचं न्हाय हां! बाहेरचं काम हाय, शेजारधर्म बिरम काय न्हाय ह्यात."

मी मनात भराभर हिशेब केला. दोन महिन्यांचा किराणा. पूर्ण तूरडाळीचा, मसूर न मिसळता. शिवाय खाणावळीला एकदा चटणी आवडली की दरवर्षीचं काम झालं. मी भाभीचा हात धरला, आणि तोच हात धरताना मला मिठाची आठवण झाली.

आत्ती आणि वर्षाराणी जेवायला बसल्या होत्या. आत्तींनी आतून हाक दिली, "नजीरा, जेवणाच्या वक्ताला आलीयास, दोन घास खा. तशी जाऊ नगंस."

"आमटी जरा..." मी म्हटलं.

"आमटी कशाला? चटणी-भाकरी वाढ. तेल घाल वर."

"चटणी संपत आलीया आत्ती."

"संपती कशी? नवी बरणी भरलीया की. मी काय आंधळी हाय म्हणून हातानं बी कळत न्हाय व्हय मला?"

भाभी हसत बसली. मी नवी बरणी काढली आणि पहिल्यांदाच उघडली. चमचा वरच्या थरात घातला, आणि तरी मला नीट समजलं नव्हतं. वरचा थर कुणाचा होता, हे माझ्या लक्षातच नव्हतं. मी चटणी ताटात वाढली, तेल सोडलं, आणि आत्ती आणि भाभी, दोघींनी एकदमच घास घेतला.

आत्तींचा चेहरा खुलला. "बघ गं नजीरा! यंदा आमच्या सुनंनं बी तुझ्या आईसारखी कबाबचिनी आन गुलाब घातलाय. वरसाला वाटीभर देतीस की तू, मला तवाच कळतुया वास."

नजीराभाभीची आई शिरोळची. दर उन्हाळ्यात ती लेकीला एक पुडी पाठवते, कबाबचिनीचे मिरीसारखे दाणे आणि गुलाबाच्या पाकळ्या स्वतः भाजून कुटलेली. ती बाजारात मिळत नाही. यंदा ती पुडी भाभीनं माझ्या हातात देताना सांगितलं होतं, म्हातारीचे आता हात चालत नाहीत, ही शेवटचीच समज, सांभाळून घाल.

भाभीनं माझ्याकडं बघितलं. "कुठनं आणलीस गं?"

"लक्ष्मीपुरीतनं," मी म्हटलं. माझ्या कानांनाच तो आवाज खोटा लागला.

भाभीनं उठून जायला हवं होतं, ताट भिरकावायला हवं होतं. तिनं भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली, ताट बोटानं पुसून घेतलं, मोरीत हात धुतला. मग पदराला हात पुसत, अगदी हळू, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाली, "हिच्यात मीठ बरोबर हाय. आमच्यात लई झालंय."

आणि गेली.

आत्तींना दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. वर्षाराणी आपलं आणि भाभीचं ताट घेऊन मोरीकडं गेली तेव्हा त्या म्हणाल्या, "किती घरची?"

"सात."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "मला सांगायचं हुतंस. मी मागून आणली असती. मला कसली लाज? मागायची तुला लाज वाटली, आन काढून घ्यायची न्हाय वाटली व्हय?"

आत्तींनी ताटातली चटणी बोटानं चाचपून बाजूला सारली आणि उरलेली चतकोर भाकरी पुढं ओढली. "मीठ दे मला," त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्या मीठ-भाकरीच खाताहेत. कृष्णातनं विचारलं तर सांगतात, तिखट सोसत नाही आता.

चार दिवस गेले. आमच्या गल्लीत माणूस चिडलं की ओरडतं. शिव्या घालतं, तुझं तोंड बघणार नाही म्हणतं आणि संध्याकाळी दही मागायला येतं. त्याची मला भीती नव्हती. नजीराभाभी ओरडलीच नाही. नळावर भेटली, घागर भरून गेली. कट्ट्यावर बायका नेहमीसारख्या माझ्याशी बोलत होत्या, म्हणजे तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. विठाबाई तर म्हणाल्या, यंदा मीठ पुढं झालं तरी चव तुझ्याच हाताची. मला तिथंच कट्ट्यावर रडू फुटेल असं वाटलं. वडगावच्या मिरच्यांचा काही निरोप नव्हता. डब्यात डाळ संपली होती, मी उकळत्या पाण्यात नुसतं बेसन लावत होते आणि त्यात टाकायला ती चटणी, ती सात घरची, दुसरं काहीच नव्हतं. दर वेळी बरणी उघडली की गुलाबाचा वास यायचा.

पाचव्या दिवशी सकाळी मी बरणी पदराखाली घेतली आणि भाभीच्या दारात गेले. ती शिलाई मशीनजवळ बसून बटणं लावत होती.

"भाभी, चुकलं माझं. ही घे. पायजे तेवढ्या शिव्या घाल. सगळ्यांसमोर घाल. पर गप्प बसू नगंस."

तिनं सुई कापडात खोचली. बरणीचं झाकण काढलं, हिंगाचा खडा बाजूला ठेवला आणि आतून चमचा आणि वाटी घेऊन आली. वरचा थर काळपट होता, तिच्या मसाल्याचा. तो तिनं हळूहळू खरवडून वाटीत काढला, अगदी निगुतीनं, खालचं हलू न देता. मग चमचा थांबला. खाली लालभडक थर उघडा पडला होता.

"हे माझं," ती म्हणाली. "मी कुणाला सांगितलं न्हाय. सांगणार बी न्हाय. खाली कुणाचं हाय ते तुला ठावं."

"बनाबाईचं."

"मग मला कशाला देतीस?"

मी बरणी तशीच धरून उभी राहिले. भाभीनं सुई पुन्हा हातात घेतली आणि कापडाकडं बघत म्हणाली, "वडगावच्या मिरच्या रविवारी येत्यात. कुणाच्या हातात द्यायच्या ते मी आजून ठरवलं न्हाय."

एवढंच. जा म्हणाली नाही, जाऊ नको म्हणाली नाही.

घर डाव्या हाताला होतं, वीस पावलांवर. घरी गेले असते तर कुणालाही काही कळलं नसतं. बरणीत सहा थर होते, गणपतीपर्यंत पुरवले असते मी, पुरवायचं कसं ते मला येतं. आणि सहा दारांत सांगितलं तर माझ्या हाताला पुन्हा कुणी मिरची देणार नाही, कट्ट्यावर जागा राहणार नाही, कृष्णातला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी घराऐवजी समोरच्या दाराकडं वळले ते त्या चाळीस किलोंच्या आशेनं, की आत्तींच्या मीठ-भाकरीपायी, की नुसता त्या वासाचा वीट आला म्हणून, हे मला अजून सांगता येत नाही. खरं सांगायचं तर मला मरून जावंसं वाटत होतं.

बनाबाईंचं दार उघडंच होतं. त्या उंबऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"काय गं, बरणी घिऊन फिरतीस? चटणी संपली व्हय? ये की, वाटीभर नेशील. तुझ्याच हातची हाय."

त्या उठून आत वळल्यासुद्धा, वाटी आणायला.

"बनाबाई, थांबा," मी म्हटलं. "मी न्यायला न्हाय आले."

त्या थांबल्या. मी बरणीचं झाकण काढलं आणि वरचा लाल थर त्यांच्यासमोर धरला.